गसेट कुठे जातात

पहिल्या दहा ट्रॉल्या रंगून बाहेर आल्या तेव्हा माझ्या ड्रॉइंगमधले गसेट एकीलाही नव्हते.

गसेट म्हणजे कोपऱ्याला आधार म्हणून बसवायची लोखंडाची तिकोनी पट्टी. एका ट्रॉलीला आठ, खालच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन. मीच काढले होते. कात्रीवर कापून घेतलेले गसेट मी स्वतः मोजून वेल्डिंगच्या जागेवर ठेवले होते. आता पट्ट्याही नव्हत्या आणि ट्रॉलीवर त्यांची खूणही नव्हती. वेल्डिंग तर आणखी विचित्र. मी पूर्ण सांधा भरायला सांगितला होता; इथे बोटभर भरलेलं, मग हातभर मोकळं, पुन्हा बोटभर.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतला कतारगाममध्ये एका लहानशा फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होते. हुद्द्याचं नाव तेच होतं, बाईसाठी वेगळं नव्हतं. आम्ही मूळचे खानदेशचे, वडील लूमवर. आमच्या लिंबायतच्या चाळीत आयटीआय केलेली मुलगी मी एकटीच, आणि कारखान्यातही बाई मी एकटीच. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसला, म्हणजे कापड रंगवायच्या मिलला, रंगवलेलं ओलं कापड वाहून न्यायला ट्रॉल्या हव्या होत्या. पहिली खेप चाळीसची होती. पुढे आणखी मिळणार होत्या, पण एका अटीवर: त्या स्वस्त पडल्या पाहिजेत. शेठनी त्यासाठीच मला ठेवलं होतं.

"बेन, मजबूत पण पाहिजे आणि सस्ती पण," शेठ म्हणाले होते. माझी समज अशी की स्वस्त करायचं म्हणजे लोखंड कमी करायचं. म्हणून मी चौकटीचा लोखंडी अँगल एका मापाने बारीक घेतला, चाकाखालची पट्टी पातळ केली, आणि बारीक केल्याची भीती वाटली म्हणून कोपऱ्यांत गसेट घातले. कागदावर ते फार शोभून दिसत होतं.

ट्रॉल्या जोडायचं काम एकाच वेल्डरकडे होतं. पन्नाशीचे गृहस्थ, अमळनेरकडचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ते कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात काम करायचे आणि त्या कोपऱ्याला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला होता. वेल्डिंगचा उजेड इतरांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, असं ते सांगायचे. मात्र बाकीचे दोन वेल्डर उघड्यावर काम करायचे आणि त्यांच्या उजेडाचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मी पडद्याजवळ गेले की मशीन बंद व्हायचं. काका बाहेर येऊन पडद्यापुढे उभे राहायचे आणि बिडी पेटवायचे.

"काका, गसेट का नाही लावले?"

"लागत नही."

"ड्रॉइंगमध्ये आहेत."

"कागदवर र्‍हावू दे."

ते माझ्याशी अहिराणीतच बोलायचे. घरी आम्हीही तीच बोलतो. पण त्यांच्या तोंडून आपली भाषा ऐकून जवळीक वाटायच्या ऐवजी मला उलटंच वाटायचं. वाटायचं, आपलीच पोर आहे, हिला काय कळतंय, असं हे धरून चालले आहेत.

पट्ट्या कुठे जातात हे कोडं सुटेना. कारखान्यामागेच भंगारवाल्याची गाडी यायची. आठ पट्ट्या म्हणजे काही मोठं वजन नाही, पण चाळीस ट्रॉल्यांच्या मिळून पुष्कळ होतात. माझी खात्रीच झाली. पुढच्या गसेटवर मी सेंटर पंच आणि हातोडी घेऊन एकेक टिंब मारलं, प्रत्येक पट्टीच्या एका कोपऱ्यात, पटकन दिसणार नाही असं. दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत भंगाराचा ढीग उपसून पाहिला. टिंबाची एकही पट्टी नव्हती. भंगारवाल्याच्या गाडीतही डोकावले. तो म्हणाला, "बेन, कुछ खोया क्या?" मी म्हटलं, कानातलं पडलंय. त्याने बिचाऱ्याने माझ्याबरोबर खाली वाकून शोधलं.

दुसरी एक गोष्ट मला अजिबात आवडत नव्हती. त्या ट्रॉल्या चांगल्या होत होत्या. मी टेपने कर्ण मोजायचे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं सारखी आली, तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं समजायचं. बाकीच्या वेल्डरांच्या चौकटींत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज निघायचा. काकांच्या ट्रॉल्यांत फरकच नसायचा. एक ट्रॉली दुसरीवर ठेवली तर काठाला काठ लागायचा. जो माणूस माल चोरतो त्याचं काम इतकं नेमकं कसं? मी त्यावरही शंकाच काढली. चोरी झाकायला तो बाकीचं चोख करत असणार.

एक दिवस काकांनीच मला गाठलं. मी टेप गुंडाळत होते.

"तुले शेठनी धाडं का?" त्यांनी विचारलं. म्हणजे शेठने पाठवलंय का तुला.

"मला कोण पाठवणार? माझं ड्रॉइंग आहे, मी तपासते."

"घड्याळ देखीसन?"

मला घड्याळात पाहायची सवय होती खरी. एका ट्रॉलीला किती वेळ लागतो ते मी वहीत लिहीत असे. ती वही मी त्यांच्यासमोर मुकाट्याने पिशवीत टाकली. त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली असेल.

मग मी हट्टाला पेटले. एक ट्रॉली माझ्यासमोर, उघड्यावर, ड्रॉइंगप्रमाणे झाली पाहिजे असं मी सांगितलं. काकांनी मशीन बाहेर ओढलं आणि मी सांगेन तसं केलं. आठही गसेट लावले, सगळे सांधे पूर्ण भरले. गसेटच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा रॉड पोचेना, तर ट्रॉली उलटी-पालटी करून भरले. गार झाल्यावर चौकट पिळवटली होती. चारातलं एक चाक जमिनीपासून वर राहिलं. वेल्डिंग गार होताना लोखंड ओढतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण इतकं ओढेल असं वाटलं नव्हतं. अर्धा दिवस काका गॅसने तापवून, घणाने ठोकून ती सरळ करत बसले. मला वाटलं, मुद्दाम करतायत. मला धडा शिकवायला.

ती ट्रॉलीही बाकीच्यांबरोबर रंगून पलसाण्याला गेली.

त्याच आठवड्यात मी शेठकडे गेले. गसेट नाहीसे होतात, वेल्डिंग अपुरं आहे, आणि पडद्यामागे काय चालतं ते कुणाला माहीत नाही, असं सगळं सांगून टाकलं. शेठ हिशेबाच्या चोपडीतून वर न बघता म्हणाले, "ए तो मने खबर छे."

त्यांना माहीत होतं!

"मग ड्रॉइंग बदलू?"

"नको. पार्टीने पास केलंय त्यात गसेट आहे. राहू दे." मग त्यांनी चष्मा काढला. "बेन, तू एक काम कर. सगळ्या ट्रॉल्या एकसारख्या कशा येतात, ते बघ. पडद्यामागे काय आहे, ते मला सांग."

मी केबिनमधून बाहेर आले. काकांनी माझ्याबद्दल जे धरलं होतं, ते आता खरं झालं होतं. आणि शेठ? गिऱ्हाइकाला एक कागद दाखवत होते आणि दुसराच माल देत होते. आजवर एकाच माणसावर संशय होता. आता दोघांवर झाला.

महिन्याभरात पलसाण्याहून फोन आला. एक ट्रॉली चिरली होती. शेठनी मला आणि काकांना टेम्पोने पाठवलं. मी ड्रायव्हरशेजारी, काका मागे मशीन आणि रॉडच्या डब्याबरोबर. वाटेत मी मनात जुळवाजुळव करत होते. गसेट नसलेला कोपरा तुटलेला असेल, तिथल्या सुपरवायझरसमोर मी ड्रॉइंग उघडून दाखवीन, आणि मग शेठलाही उत्तर द्यावं लागेल.

मिलच्या आत वाफ, रंगाचा उग्र वास आणि पायाखाली सगळीकडे पाणी. जमिनीत पाणी वाहून जायला आडव्या नाल्या होत्या, त्यांवरच्या जाळ्या जागोजागी खचलेल्या. ट्रॉली ओल्या कापडाने काठोकाठ भरली की दोन माणसं ती ढकलत नेत, आणि प्रत्येक नालीवर चाक खाली जाऊन धाडकन वर येई. हे मी ड्रॉइंग काढण्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मला कुणी नेलं नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं.

चिरलेली ट्रॉली भिंतीशी उभी होती. तिला आठही गसेट होते.

माझीच होती ती. चीर गसेटच्या टोकापासून, जिथे वेल्डिंग संपत होतं तिथून निघून अँगलमध्ये आरपार गेली होती. चाकाखालची पातळ पट्टीही वाकली होती. शेजारी बाकीच्या ट्रॉल्या कामाला लागलेल्या होत्या. त्यातली एक काकांनी आणि मिलच्या माणसाने माझ्यासाठी उलटी केली. चाकांच्या पट्ट्यांवर दुसरी जाड पट्टी वेल्ड केलेली होती: दोन तिकोनी तुकडे जोडून केलेला चौकोन. चार चाकं, आठ तिकोनं. मी रंगावरून बोट फिरवलं. टिंब लागलं.

इतके दिवस मी ट्रॉल्या वरून मोजत होते. सलवार-कमीजात वर्कशॉपच्या जमिनीवर आडवं होऊन खाली बघणं मला सुचलंच नव्हतं.

"चाक नालीत पडलं की चौकट थोडी पिळू द्यावी लागते," काका हळूच म्हणाले. अहिराणीत, म्हणजे सुपरवायझरला कळू नये असं. "तू तिला बांधून टाकलीस. मग ती कुठेतरी तुटणारच. आणि भार सगळा चाकावर, तिथेच तू पातळ केलंस."

तेवढ्यात सुपरवायझर पास केलेल्या ड्रॉइंगची प्रिंट घेऊन आला. गुजराती माणूस, आवाज चढा. "यामध्ये तर गसेट आहे. एकाच ट्रॉलीला आहे, बाकीच्यांना नाही. चोरी कोणी केली?"

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. हिच्याकडून आता काय येणार ते आपल्याला ठाऊक आहे, असा भाव होता.

"चूक ड्रॉइंगमध्ये आहे," मी म्हटलं. "ड्रॉइंग माझं आहे. गसेट तिथे नकोच होते. यांनी योग्य जागी लावलेत."

सुपरवायझरने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. आम्ही ठरवून आलो आहोत असंच त्याला वाटलं असावं. काकांनी चिरलेला कोपरा उघडून गसेट कापून टाकले, चीर भरली, चाकाखाली जाड पट्टी लावली आणि ट्रॉली तिथल्या तिथे भरून नालीवरून चार वेळा फिरवून दाखवली. मग त्याने प्रिंट गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला खुणेने बोलावलं आणि पडदा बाजूला केला. "आठे ये. हाई देख, माय."

आत जुन्या अँगलांचा एक फर्मा होता, आडव्या ठेवलेल्या दारासारखा. त्यावर ठिकठिकाणी लोखंडाचे ठोकळे वेल्ड केलेले आणि पाचरी अडकवलेल्या. तुकडे त्या ठोकळ्यांना टेकवायचे, पाचर ठोकायची आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून थोडं थोडं भरायचं. मोजायचं काही नाही, ठोकून सरळ करायचं काही नाही. म्हणून सगळ्या ट्रॉल्या एकसारख्या.

"शेठला का नाही दाखवत? खूश होतील."

ते हसले नाहीत. आधीच्या कारखान्यात त्यांनी असाच फर्मा केला होता आणि अभिमानाने मालकाला दाखवला होता. मालकाने पाठ थोपटली. पंधरवड्यात दोन नवशिके आणून फर्म्यावर उभे केले. महिना संपायच्या आत काकांना सांगितलं, आता तुमची गरज नाही. "फर्मा मन्हा, नि मीच बाहेर," ते म्हणाले.

"मग मला का दाखवलात?"

"तू तठे खरं बोलनी."

मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण तेव्हा मनात आलं ते असं की हे मला बांधून घेत आहेत. आता मला माहीत आहे, म्हणजे मी सांगितलं तर मी चुगलखोर आणि नाही सांगितलं तर मी भागीदार. शेठनी संध्याकाळी विचारलंच. मी म्हटलं, "काही नाही, जुनं टेबल आहे. हात बसलाय त्यांचा." शेठ "सारुं" म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं त्यावरून कळलं.

दुसऱ्या खेपेची बोलणी सुरू झाली. ट्रॉली अजून स्वस्त हवी होती. आता मला कळलं होतं की लोखंडाचं वजन कमी करून फार काही सुटत नाही. पैसा जातो तो तुकडे मोजण्यात, धरण्यात, उलटे करून भरण्यात आणि पिळलेलं ठोकण्यात. मी खालच्या चौकटीचे सतरा तुकडे मोजले आणि त्यांतले किती नकोच आहेत ते पाहत गेले. अँगल जोडण्याऐवजी पत्राच वाकवला तर चार सांधे आपोआप जातात. पत्र्याला एका बाजूला जीभ आणि समोरच्या तुकड्यात खाच ठेवली तर तुकडे एकमेकांत बसून स्वतःची जागा स्वतः धरतात. तुकडे सहा झाले. चाकाखाली मात्र जाड पट्टी ठेवली. दोन आठवडे ट्रेसिंगवर मी दुसरं काही केलं नाही.

शेवटची रेघ मारताना माझ्या लक्षात आलं की त्या खाचा म्हणजेच फर्मा आहे. काकांनी पडद्याआड लपवलेलं सगळं मी कागदावर उघडं मांडलं होतं. ही ट्रॉली कोणीही जोडू शकला असता.

मी ड्रॉइंग आधी काकांना दाखवलं. त्यांना प्रिंट वाचायला वेळ लागायचा, पण हे लगेच समजलं. बोटाने एकेक खाच शोधत गेले.

"मंग मन्हं काय काम?"

मी प्रिंट टेबलावर ठेवली आणि जेवायला गेले. परत आले तर प्रिंट नव्हती. काकाही नव्हते. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, तिसऱ्याही. कतारगाममध्ये ट्रॉल्या करणारे आणखी तिघे होते. मी तीन दिवस त्या तिघांच्या दारांवरून जात राहिले, उगीचच, आत काय कापलं जातंय ते बघत. शेठना सांगायचं धाडस झालं नाही. आपण खरं बोललो त्याचा फायदा या माणसाने घेतला, असं म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून रडलेसुद्धा.

चौथ्या दिवशी काका पोतं घेऊन आले. पोत्यात पत्र्याचे तुकडे होते. बारडोलीला त्यांच्या साडूचं उसाच्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथे बसून त्यांनी माझ्या ड्रॉइंगमधला एक कोपरा हाताने कापून, वाकवून, जोडून पाहिला होता.

"खाच घट्ट आहे," ते म्हणाले. "पत्रा वाकवला की जीभ थोडी सरकते. एवढी ढिली ठेव." त्यांनी नखाची कड दाखवली. "आणि इथे वेल्डिंग आतून मागितलंयस. हात जात नाही. बाहेरून दे. ही एक जीभ काढून टाक, काही कामाची नाही."

सगळं बरोबर होतं. मी तिथेच पेन्सिलने दुरुस्त्या केल्या.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, तुमचं काय काम?"

"शेठकडे आपण दोघं जायचं," ते म्हणाले. "तू एकटी नही."

आम्ही दोघं गेलो. शेठनी कोपऱ्याचा नमुना हातात घेऊन फिरवला, ड्रॉइंग पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: "तुमे बेउ एक गामना छो?" तुम्ही दोघं एकाच गावचे का? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं की हे जोडायला नवे वेल्डर चालतील, पण चाकांचे सांधे आणि पहिली ट्रॉली काकांनीच पास करायची, नाहीतर ड्रॉइंगची जबाबदारी मी घेणार नाही. एवढं धाडस मी का केलं? चाकाच्या सांध्याला खरंच अनुभवी नजर लागते म्हणून, की त्यांची नोकरी राहावी म्हणून? तेव्हाही मला नक्की सांगता आलं नसतं. त्या सांध्याची खाच मी मुद्दाम वगळली होती, एवढं खरं.

शेठ लगेच हो म्हणाले नाहीत. पलसाण्याच्या सुपरवायझरनेच, माल घेताना तो दुरुस्तीवाला म्हातारा हजर पाहिजे असं सांगितलं, तेव्हा तयार झाले. नवे दोन वेल्डर आले, काकांना वाटलं होतं तसेच. काका मिस्त्री झाले, पगार थोडा वाढला, पडदा निघाला. ट्रॉली निम्म्याहून कमी वेळात व्हायला लागली. ऑर्डर मिळाली.

शेठचा मात्र आमच्या दोघांवरचा विश्वास तिथेच संपला. त्यांनी माझ्या ड्रॉइंगसाठी कुलपाचं कपाट आणलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. रोज सकाळी माझीच ड्रॉइंग मला मागून घ्यावी लागत.

दीड वर्षाने मी उधन्याला दुसऱ्या कारखान्यात गेले. निघताना काकांनी विचारलं, "तठे वेल्डर कोन शे?"

"अजून माहीत नाही."

"पहिले तेले भेट. ड्रॉइंगनं टेबल मंग."

मी भेटले, पहिल्याच दिवशी. तो ओडिशाचा माणूस होता, हिंदी मोडकंतोडकं. माझ्याशी सरळ बोलायला त्याला आठ महिने लागले.